बाबा, आता डॉक्टर बदलायचे नाहीत

मँचेस्टर
27 मे 2025

प्रिय आई आणि बाबा,

फोन केला की बाबा दोन मिनिटांत "थांब, आईला देतो" म्हणतात आणि आई जेवणापासून सुरू करते. म्हणून हे पत्र. दादाला पीडीएफ पाठवलीय, तो झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात काढून आणेल. बाबा, चष्मा लावून वाचा. आई, तू शेजारी बस, नाहीतर ते मधली पानं गाळतील.

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. हो, रविवारी मी ओल्ड ट्रॅफर्डला, आपल्या मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर मॅचला होते. आई, तिकीट विकत घेतलं नाही, ऑफिसातल्या एकाला जमत नव्हतं म्हणून त्याने दिलं. (यंदा हंगामाच्या मध्येच क्लबवाल्यांनी उरलेल्या तिकिटांचा भाव सरसकट 66 पौंड केला. पोरांना सूट नाही, म्हाताऱ्यांना नाही. सात हजारांच्या वर झाले! तेवढ्यात कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर आपली अख्खी गल्ली बसेल, वर शेंगदाणे.) पाऊस फारसा नव्हता आणि मी तो निळा रेनकोट घातला होता.

ॲस्टन व्हिलाला 2-0 हरवलं, पण त्या आधीच सगळं आटोपलं होतं. 38 मॅच, 18 पराभव, 42 पॉइंट, पंधरावा नंबर. लिव्हरपूलने विसावी लीग घेऊन आपल्याशी बरोबरी केली. बिलबाओला युरोपा लीगच्या फायनलमध्ये टॉटनमकडून हरलो, आणि ते लीगमध्ये आपल्याही खाली, सतराव्या नंबरवर. तुम्ही त्या रात्री मला फक्त एक अंगठा खाली पाठवलात. मी पण काही लिहिलं नाही.

पण बाबा, सत्त्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली आणि बॉल एरिक्सनने घेतला. युनायटेडकडून त्याची शेवटची मॅच. लांबलचक धाव नाही, नाटक नाही, मारली आणि गेली. सगळे ओरडत होते आणि माझ्या डोळ्यापुढे आपला हॉल. जून 2021, लॉकडाऊन, डेन्मार्क-फिनलंड. थ्रो-इनवरून बॉल त्याच्याकडे आला आणि तो तसाच पुढे कोसळला. आई दुधाला विरजण लावत होती, ती चमचा हातात घेऊनच बाहेर आली. तुम्ही आवाज बंद केलात, टीव्ही मात्र चालू ठेवलात. डेन्मार्कच्या पोरांनी त्याच्याभोवती बाहेर तोंड करून कडं केलं होतं, कुणाला दिसू नये म्हणून. तुम्ही म्हणालात, "आपल्या पेठेतली पोरंबी असंच करतील." एकोणतीस वर्षांचा होता तो. छातीत यंत्र बसवून साडेआठ महिन्यांत परत मैदानात उतरला, आणि परवा माझ्यासमोर गोल मारून टाळ्या घेत गेला.

हे कशासाठी लिहितेय ते तुम्हाला कळलंय. तुमचं दुखणं वेगळं हे मलाही ठाऊक आहे. त्याचा ठोकाच थांबला होता, तुमची रक्तवाहिनी तुंबली होती, आता तिथं स्टेंट आहे. पण तो परत आला तो डॉक्टरांचं ऐकून. फेब्रुवारीत मी तिसऱ्या दिवशी पोचले. तोवर तुम्हाला खोलीत आणलं होतं आणि तुम्ही नर्सबाईंना पाटाकडील आणि दिलबहार तालमींची गेल्या वर्षीची मॅच सांगत होतात. मी दारात उभी राहिले आणि तुम्ही म्हणालात, "काय गं, एवढ्यासाठी आलीस?" मला त्या वेळी तुमचा राग आला होता. आजही थोडा आहे.

असो. मुद्द्यावर येते.

मॅच संपल्यावर आपला कोच आमोरिम मैदानात माइक घेऊन उभा राहिला. हंगामाबद्दल माफी मागितली, आणि चांगले दिवस येणार आहेत म्हणाला. (हे वाक्य आपण आधी कुठं ऐकलंय ते लिहीत नाही, काकांशी परत भांडण नको.) त्यावर रात्री तुमचा मेसेज: "ह्याला पण हाकला."

बाबा, 2013 ला कोच फर्ग्युसन निवृत्त झाला तेव्हापासून तुमचं हेच चाललंय आणि क्लबवाले जणू तुमचंच ऐकतात. मोयेसला सहा वर्षांचा करार दिला, दहा महिन्यांत घालवला. व्हान हालने शनिवारी एफए कप जिंकला, सोमवारी नोकरी गेली. मग मोरिन्हो, सोल्शार, मध्ये तात्पुरता रांगनिक, मग टेन हाग. टेन हागची तर कमाल. गेल्या मेमध्ये मँचेस्टर सिटीला हरवून कप आणला, उन्हाळ्यात करार वाढवून दिला आणि ऑक्टोबरमध्ये निरोप. खेळाडूंची खरेदी-विक्री नीट व्हावी म्हणून मोठ्या थाटात ॲशवर्थला आणलं, तो पाच महिन्यांत गेला.

आणि प्रत्येक जण आपापली पोरं विकत घेणार. टेन हागला कडेने खेळणारे विंगर हवे होते, म्हणून अँटनीवर आठ कोटी पौंडांच्या वर ओतले. आमोरिम मागे बचावाला तीन बॅक ठेवतो, त्याच्या मांडणीत तसल्या विंगरला जागाच नाही. मग अँटनी बेटिसला उसना, रॅशफोर्ड व्हिलाला उसना, सँचो तर त्याच्या आधीच चेल्सीला. टीम कसली, पाच सुगरणींनी एकाच पातेल्यात फोडणी घातलीय.

आता फ्रिजवरचा श्रीखंडाचा डबा आठवा.

मार्चमध्ये निघायच्या आदल्या रात्री मी तो डायनिंग टेबलावर उपडा केला होता. तुम्ही झोपलात असं मला वाटत होतं, तुम्ही दाराआडून बघत होतात, आईने नंतर सांगितलं. चार डॉक्टरांच्या गोळ्या, आणि वर त्या वैद्यांचा काढा. एकाने मटण बंद करायला सांगितलं म्हणून तो बदलला. दुसरा बोलतच नाही म्हणून बदलला. तिसऱ्याकडे गर्दी फार. बीपीच्या दोन पाकिटांवर नावं वेगळी, मागे बारीक अक्षरात औषध एकच, आणि तुम्ही दोन्ही घेत होतात! सकाळी उठताना चक्कर कशाने येत होती त्याचं उत्तर त्या डब्यात होतं. मी एकेक पाकीट उजेडात धरून वाचत होते आणि मनात म्हणत होते, अरे, ही तर युनायटेड आहे.

तुम्ही म्हणाल, पोरगी वकिली करतेय. करते. 1986 च्या नोव्हेंबरात फर्ग्युसन आला. 1989 च्या डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवरच लोकांनी फलक धरला होता, तीन वर्षं नुसती कारणं सांगताय, आता निघा. पहिला कप 1990 ला. लीग 1993 ला, तीही सव्वीस वर्षांनी. मग एकूण तेरा. शाळेत असताना हे मला तुम्हीच सांगितलंत, गणितात 38 पडले होते तेव्हा.

वेळ दिला की कुणीही फर्ग्युसन होतो असं मात्र मी म्हणणार नाही. मोयेसला दहा वर्षं दिली असती तर आपण दहाव्या वर्षीही कडेवरून गोलसमोर क्रॉसच टाकत बसलो असतो. फुलहॅमविरुद्ध 81 टाकले होते, आठवतंय ना, आणि मॅच बरोबरीत. माझं म्हणणं एवढंच की आधी आपण खेळणार कसं ते वरच्यांनी ठरवावं, त्याला साजेसा कोच शोधावा, मग त्याच्या हाताला लागतील ते खेळाडू. आपल्याकडे सगळं उलटं, आणि शिव्या खातो तो टचलाइनवर उभा असलेला. आमोरिम हट्टी आहे, मान्य. नोव्हेंबरात आला, सराव करायला आठवडे मिळाले नाहीत, तरी मांडणी सोडली नाही. मला ते अर्धं आवडतं, अर्धं नाही. पण त्याला निदान एक उन्हाळा मिळू दे.

तुमच्या डॉक्टरांनाही.

आता ठरलेलं सांगते. ठरलंय, विचारत नाहीये, तरी रागावू नका. ज्यांनी स्टेंट घातला तेच डॉक्टर राहणार. मी त्यांच्याशी फोनवर बोलले, वीस मिनिटं. ते कमी बोलतात, खरंय, पण विचारलं की सांगतात. बाकी सगळी पाकिटं दादा घेऊन जाईल. सात खणांची डबी आणून ठेवलीय, आई रविवारी भरेल. रक्त पातळ ठेवायची गोळी हे डॉक्टर सांगेपर्यंत एक दिवससुद्धा चुकवायची नाही. बरं वाटतंय म्हणून ती बंद करायची नसते बाबा, ती आहे म्हणून बरं वाटतंय. काढा बंद. बाथरूममध्ये दांडा बसवायला गवंडी शनिवारी येईल, पैसे दिलेत, त्याला परत पाठवू नका. मटणाचं मी विचारलं: महिन्यातून एकदा, दोन तुकडे, तांबडा रस्सा वाटीभर, वरचा कट काढून. पांढऱ्याचं विचारलंच नाही, नाही म्हणाले असते तर!

आणि ह्याच्या पुढचं आई, तू वाच.

मी जूनमध्ये येत नाहीये. सप्टेंबर 2022 ला विमानतळावर मी तीन वर्षं म्हणाले होते, तू बोटांवर मोजली होतीस. गेल्या गुरुवारी मी अजून दोन वर्षांच्या करारावर सही केली. आधी सांगायला हवं होतं. सांगणार होते, पण तू फोनवर म्हणालीस की माझ्या खोलीला रंग काढायचा का, आणि मला बोलता येईना.

पगारासाठी नाही. म्हणजे पगारासाठीही, कारण दोन वर्षांत वरच्या मजल्याचं कर्ज फिटतं. बाबांनी कधी मागितले नाहीत हे मला माहीत आहे, तेच तर. शिवाय हातात घेतलेलं काम आत्ता कुठं उभं राहतंय. आत्ता सोडलं तर माझ्या जागी येणारा माणूस सगळं मोडून पहिल्यापासून मांडेल, आणि हे मी वर दोन पानं कुणाला सुनावलंय ते तुम्हाला दिसतंयच. दिवाळीचं तिकीट काढलंय, तीन आठवडे, 14 ऑक्टोबरला पोचते. फराळाचं तू एकटीने करायचं नाहीस, चकलीचा सोऱ्या मी फिरवणार.

माझी काळजी करू नकोस. घर गरम असतं, नळाला चोवीस तास गरम पाणी, ट्राम दारात. कांदा-लसूण मसाला अजून अर्धी बरणी आहे, रशोमला गेलं की मेथी, शेपू, सगळं मिळतं. परवा झुणका केला, तुझ्यासारखा सुटा झाला नाही, गोळे झाले, पण खाल्ला. रात्री पायात मोजे घालून झोपते. केसांना तेल रविवारी.

बाबा, मला अजून चेतकवर पुढं उभी करून तुम्ही स्टेडियमवर न्यायचात ते आठवतं. आई दारातून ओरडायची, पोरीला कुठं त्या गर्दीत, आणि तरी भडंगाची पुडी माझ्याच हातात द्यायची. तापलेल्या पायरीवर तुम्ही स्वतःचा रुमाल घालायचात माझ्यासाठी आणि स्वतः तसेच बसायचात. पाटाकडील दोन गोलने मागे असलं तरी तुम्ही उठायचा नाहीत. "शिट्टी वाजल्याशिवाय घरला जायाचं न्हाई." एप्रिलमध्ये लियाँविरुद्ध आपण 4-2 मागे होतो, जादा वेळाची सहा-सात मिनिटं उरली होती, माझ्या खोलीतली मैत्रीण कोट घालून निघाली, मी नाही उठले. 114, 120, 121, या तीन मिनिटांना तीन गोल. मॅग्वायरने डोक्याने शेवटचा मारला तेव्हा मी एवढी किंचाळले की खालच्या मजल्यावरच्या बाईने छत ठोकलं.

पण तुम्ही तेव्हा काय करत होतात ते आईने सांगितलंय. पहाटेचे तीन. अँजिओप्लास्टीला दोन महिने. पलंगावर उभं राहून! शेजारच्या मावशींना वाटलं चोर शिरला.

हे परत नको. दहाला झोपायचं, मॅच सकाळी चहाबरोबर बघायची, निकाल मी सांगणार नाही आणि दादालाही ताकीद दिलीय. उन्हात स्टेडियमवर जायचं नाही, गेलात तर टोपी, पाण्याची बाटली आणि दादा, तिन्ही बरोबर. आणि एका अर्थी बरंच झालं बाबा. फायनल हरलो, पंधरावे आलो, म्हणजे पुढच्या वर्षी युरोप नाही. रात्री साडेबाराच्या त्या मॅच जवळजवळ संपल्या. आईला सांगा, आमोरिमने तिच्यासाठी एवढं तरी केलं.

रविवारी फोन करते. डबी भरल्याचा फोटो पाठवा.

तुमची,
सोनी

ता. क. आई, खोलीला रंग काढ. पिवळा नको.