ताई, आमच्या फ्लोरवर तुम्ही जे केलंत त्यासाठी

ताई, सप्रेम नमस्कार,

व्हॉट्सॲपवर हात जोडलेला इमोजी टाकला खरा, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण इंदूरात आपली कितीतरी मराठी मुलं-मुली विजय नगरकडे अशाच कस्टमर सपोर्टच्या नोकऱ्या करतायत आणि त्यांना तुमच्यासारखी ट्रेनर भेटेलच असं नाही.

आमचं काम तुम्ही बघितलंय. कर्जाचा हप्ता बाउन्स झाला की माणूस चिडूनच फोन करतो, चार्ज का लावला, पैसे कधी परत देणार, आणि इकडे स्क्रीनवर टायमर पळत असतो, थांबलेल्या कॉलचा क्यू वाढला की टीएल, म्हणजे टीम लीडर, मागे येऊन उभा. तुमच्या आधी जे ट्रेनर आले ते सगळे एकच सांगायचे, पॉझिटिव्ह राहा, आवाजात स्माईल ठेवा, घरचं टेन्शन घरी ठेवून या. तुम्ही मात्र म्हणालात की शिव्या ऐकल्या की पोटात गोळा येणारच, येऊ द्या त्याला, त्याच्याशीच झगडत बसलात तर समोरचा काय सांगतोय ते ऐकायला डोकं उरणार कुठून. हे ऐकून अख्खी ट्रेनिंग रूम शांत झाली होती ताई.

मग ती साधी गोष्ट शिकवलीत. ‘मला हे जमणार नाही’ असं मनात आलं की त्याच्या आधी ‘माझ्या मनात असा विचार येतोय की’ एवढं जोडायचं. विचार पुसायचा नाही, त्याच्या जागी गोड विचारही आणायचा नाही, फक्त तो हुकूम आहे असं समजून फोन घाईघाईने ट्रान्सफर करायचा नाही. आणि लगेच स्वतःला विचारायचं, मी या खुर्चीत कशासाठी बसलेय? आमच्यात कुणी लिहिलं घर चालवायला, कुणी लिहिलं समोरच्याला नीट समजेल असं बोलायला. तुम्ही दोन्ही उत्तरं सारख्याच आदराने वाचलीत, ते मला फार भावलं.

तुम्हीच सांगितलं होतं की याला मानसिक लवचिकता म्हणतात आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी सहकाऱ्यांबरोबर ॲक्ट (ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) नावाची जी उपचारपद्धत उभी केली तिचा हा गाभा आहे. पण मला सगळ्यात जास्त पटला तो बाँड आणि बन्स या संशोधकांचा 2003 चा अभ्यास, कारण तो आमच्यासारख्याच लोकांवर होता, ब्रिटनमधल्या एका वित्तीय संस्थेच्या कस्टमर सर्व्हिस सेंटरमधल्या 412 जणांवर. नकोशा भावना आल्या तरी त्यांच्यापासून न पळता जे काम करू शकत होते त्यांची मानसिक तब्येत वर्षभरानंतर जास्त चांगली होती आणि कामही जास्त चांगलं होत होतं. आणि आपलं काम कसं करायचं हे ठरवायची मोकळीक मिळाली तर तिचा फायदाही अशाच लोकांना जास्त झाला.

ही मोकळीकवाली गोष्ट तुम्ही थेट आमच्या मॅनेजरसमोर ठेवलीत. माझे खरे आभार यासाठीच आहेत. सगळा भार आमच्यावर टाकून, आता तुम्ही फ्लेक्सिबल व्हा, असं म्हणून निघून जाणं सोपं होतं. तुम्ही मागे लागून एवढं करून घेतलंत की वाईट कॉलनंतर न विचारता थोडा ब्रेक घेता येतो आणि स्क्रिप्टची पहिली ओळ आपल्या अंदाजाने बदलता येते.

त्याचं काय झालं ते सांगते. देवासचे एक काका फोनवर नुसते ओरडत होते. आमच्यातल्या मुलीने स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि म्हणाली, काका, आधी सगळं सांगून घ्या, मी ऐकतेय. मग हळूहळू कळलं की एकाच लोनचे दोन मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायच्या परवानग्या, चालू आहेत आणि खात्यातून हप्ता दोनदा जातोय. एरवी तो कॉल ‘चिडलेला कस्टमर’ म्हणून वरच्यांकडे एस्केलेट झाला असता आणि काका परत पहिल्यापासून रांगेत. कॉलनंतर तिचे हात थरथरत होते बरं का, म्हणजे भीती गेली वगैरे काही नाही, ती भीतीसकट ऐकत होती.

आणि हेही लिहायलाच हवं की तुम्ही कधी सहन करा असं म्हणाला नाहीत. टीएल अपमान करत असेल तर लेखी तक्रार करायची, माणसं कमी असतील तर ते वर सांगायचं, तेव्हा गप्प बसून श्वास मोजायचे नाहीत, हे तुम्ही स्पष्ट बोललात. एकीची झोपच उडाली होती तेव्हा तिला टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर दिलात, तिथे दिवसरात्र फुकट बोलता येतं आणि गरज असेल तर पुढे डॉक्टरही गाठून देतात. तिने फोन केला, आता बरी आहे, तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

पुढच्या महिन्यात नवी बॅच येतेय आणि मॅनेजर तुमचं सेशन इंडक्शनमध्येच ठेवायला तयार झालेत. तुम्हाला जमणारी तारीख कळवा, मी रोस्टर बघून जुन्यांनाही बसवते. आणि त्या दिवशी जेवायला आमच्याकडेच यायचं, आईने बजावून सांगितलंय.

तुमची,
कोपऱ्यातल्या सीटवरची