घसरगुंडीपाशी रांग थांबवणाऱ्या काकांना

काका नमस्कार,

तुम्ही सुट्टीपुरते लेकीकडे आला होतात आणि आता परत गेलात हे मला तुमच्या नातीकडून कळलं ("आजोबा गाडीत बसून गेले", एवढीच बातमी मिळाली तिच्याकडून). फोन नंबरची कधी गरजच पडली नव्हती, कारण संध्याकाळी मैदानावर गेलं की तुम्ही असायचातच. म्हणून इथेच लिहितेय, कोणीतरी तुमच्या लेकीला पाठवेल आणि ती तुम्हाला वाचून दाखवेल. समोरासमोर आभार मानले असते तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून उडवून लावलं असतंत, तेव्हा हेच बरं.

आमचं पोरगं दोन वर्षांचं. घरात सोफ्यावरून उड्या, पडदे ओढणं, अखंड दंगा, आणि बाहेर चार मुलं दिसली की माझ्या पायाला मिठी मारून उभा. हा त्याचा पळायला लागल्यानंतरचा पहिला उन्हाळा, त्यामुळे माझी हौस दांडगी होती, की रोज मैदानावर न्यायचं, मैत्रिणींकडे जायचं, त्यांच्या मुलांना आपल्याकडे बोलवायचं वगैरे वगैरे. आमचा एक आयांचा ग्रुप आहे, म्हणजे होता म्हणू. त्यातल्या एकीकडे सगळे जमलो होतो, याने तिथली एक लाल गाडी उचलली आणि छातीशी धरून कोपऱ्यात जाऊन बसला, खेळेना, सोडेना. पहिल्यांदा सगळ्या हसल्या, मग "शेअर कर ना बाळा" सुरू झालं, मग ती गाडी त्याच्या हातातून काढून घेतली गेली, मग तो जो काय रडलाय की विचारू नका, आणि निघताना मला दारात हळूच सांगण्यात आलं की याला जरा माणसांत मिसळायला शिकव, नाहीतर पुढे जड जाईल. पुढच्या वेळी कुठे भेटायचं ठरलं ते मला थेट स्टेटसवरचे फोटो बघून कळलं. दोन वर्षांची मुलं एकमेकांशी कमी आणि एकमेकांच्या शेजारी बसून जास्त खेळतात हे मिल्ड्रेड पार्टन नावाच्या बाईंनी १९३२ मध्येच लिहून ठेवलंय, आमच्या ग्रुपपर्यंत ते अजून पोचायचंय. असो.

तर त्या दिवशी. तो आपणहून घसरगुंडीची शिडी चढला, मला वाटलं वा, आणि वर जाऊन बसला तो बसलाच. दोन्ही हातांनी कठडा धरलेला, खाली बघतोय, पुढेही सरकत नाही, मागेही येत नाही. मागे शिडीवर मुलांची रांग, खाली त्यांचे आईबाबा. "अहो ताई, घ्या ना त्याला खाली." "घाबरलाय तो, उगाच कशाला." "तुम्हीच वर जा आणि मांडीवर घेऊन या, एका मिनिटाचं काम आहे." सगळे एकदम आणि सगळे माझ्याकडे बघून. एका बाईंनी तर च्क असा आवाज काढला, तो अजून कानात आहे माझ्या. मी कोणाकोणाला सॉरी म्हणायचं याचा हिशोब मनात चालू होता.

शिडीवर त्याच्या बरोब्बर मागे तुमची नात होती. म्हणजे नंबर तिचाच अडलेला, सगळ्यात आधी तुम्हीच कटकट करायला हवी होती. तुम्ही शिडीला एक हात लावून उभे होतात, आणि नातीने "आजोबा, तो जातच नाही" म्हटल्यावर तुम्ही अगदी साध्या आवाजात म्हणालात, "त्याचा नंबर चालू आहे अजून."

बस. एवढंच. ना मुलांना दटावलंत, ना मोठ्यांना लेक्चर. रांग गप झाली. खरं सांगू, मला सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर तुम्ही ते म्हणताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. बघितलं असतंत तर मला कसनुसं हसून काहीतरी थँक्यू-सॉरी करावं लागलं असतं. तुम्ही वर त्याच्याकडे बघत होतात, जसा काही तो तिथे काहीतरी करतोय. आणि करतच होता की! वरून बघत होता, विचार करत होता. तोही नंबरच ना.

मग त्याने मान वळवून शिडीकडे बघितलं, तेव्हा तुम्ही मुलांना एकेक करून खाली उतरवलंत आणि हा पाठमोरा, एकेक पायरी चाचपत, खाली आला. घसरला नाहीच. मला वाटलं आता कोणीतरी "अरेरे" म्हणणार किंवा उगाच टाळ्या तरी वाजवणार. तुम्ही म्हणालात, "झाला नंबर? चला, पुढचा." नात चढली वर. विषय संपला. मी बाकावर जाऊन बसले आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायच्या निमित्ताने जरा वेळ खाली बघत राहिले, इतकं भरून आलं होतं.

नंतर सगळे पांगल्यावर तुम्ही जवळ येऊन सांगितलंत, "मांडीवर घेऊन कधी घसरू नकोस हं त्याला." गेल्या उन्हाळ्यात तुमच्या नातीचा पाय असाच मोडला होता, बुटाचा तळ घसरगुंडीच्या कडेला अडकला आणि मागून तिच्या बाबांचं वजन आलं, एकटी असती तर अडकून तिथेच थांबली असती, इवलंसं तर वजन. मी घरी येऊन शोधलं तर काय, २०१७ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेत यावर अख्खा अभ्यास मांडलाय. २००२ ते २०१५ या काळात तिकडे सहा वर्षांखालच्या साडेतीन लाखांहून जास्त मुलांना घसरगुंडीवर दुखापत झाली, त्यात एक ते दोन वर्षांची सगळ्यात जास्त, आणि हाड मोडलं तर बहुतेक वेळा गुडघ्याखालचंच. आणि "मांडीवर घेऊन या" हे सांगणारे त्या दिवशी किती कॉन्फिडन्सने सांगत होते! तुम्हाला हे माहीत असूनही तुम्ही चारचौघांत कोणाला खोटं पाडलं नाहीत, बाजूला येऊन फक्त मला सांगितलंत.

तसंच ते हात लावून बघणं. तुम्ही रोज नातीला सोडायच्या आधी घसरगुंडीला हाताची मागची बाजू टेकवायचात, खालच्या रबराच्या मॅटलासुद्धा. मला आधी वाटलं धूळ बघताय. ऊन उतरल्यावरही ते तापलेलं असतं, लोखंडच नाही, प्लास्टिकसुद्धा, आणि ही एवढी लहान मुलं चटका बसला की पळत नाहीत, तिथेच बसून रडतात, हे मला तुमच्यामुळे कळलं. आता मीही टेकवते, आणि आमचं पोरगंही टेकवतं, झोक्याला, बाकाला, एकदा तर एका काकांच्या टकलाला.

मदत करणारी माणसं तशी बरीच भेटतात हो. पण बऱ्याच जणांची मदत घ्यायची तर आधी आपल्यात काहीतरी कमी आहे हे कबूल करावं लागतं, मग ते सल्ला देतात, मग आपण मान डोलवायची. समर कॅम्पच्या एका मॅडमनी मला अर्धा तास मदतच केली होती, त्याला "सोशल" कसं करायचं यावर, आणि त्या अर्ध्या तासात एकदाही वाकून त्याच्याशी बोलल्या नाहीत. तुम्ही काही सुधारायला आलाच नव्हतात. एका लहान मुलाला त्याचा वेळ पूर्ण घेऊ दिलात, तोही आपल्या नातीच्या वेळातून. साधी सभ्य माणसं अशी समोर उभी असतात आणि त्यांच्याकडे लक्षही जात नाही, आवाज सगळा च्क करणाऱ्यांचाच ऐकू येतो.

बाकी इकडचं सांगायचं तर, तो आता कधी घसरतो, कधी शिडीने परत येतो, त्याच्या मूडवर आहे. पॉटीवर बसला असताना मी बाहेरून घाई केली की आतून "नंबल चालू!" असं ओरडणं सुरू झालंय, याचं श्रेय संपूर्ण तुमचं. परवा तुमची लेक नातीला घेऊन आमच्याकडे आली होती. दोघं एकमेकांकडे पाठ करून तासभर खेळली, एकाने सगळे ठोकळे बादलीत भरले, दुसरीने ते फावड्याने उपसले, बोलणं शून्य. आम्ही दोघींनी कितीतरी महिन्यांनी सलग वाक्यं बोललो. "शेअर कर" कोणीच म्हणालं नाही. जाताना दोघंही रडली, म्हणजे जमलं असावं.

ते फावडं मात्र आमच्याकडेच राहिलंय, तो झोपतानाही सोडत नाही. नातीला सांगा दोन दिवस थांब, मिळेल. आणि पुढच्या सुट्टीत आलात की आधी आमच्या घरी या, मैदान नंतर.

तुमची,
पायाला चिकटणाऱ्या पोराची आई