नेमकं काय करू, असं विचारलंस म्हणून

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास त्याला आज चार दिवस झाले. "सुट्टीत छकुलीला वर्कशीट नको म्हणता, मग नेमकं काय करू ते लिहून पाठवा," असं म्हणालीस. रागात म्हणालीस हे कळतं मला, पण मी ते खरं धरून लिहायला बसलो आहे. माझा आवाज चढला ते चुकलं. दिवसभराचं काम उरकून घरी आलेल्या मुलीला बापाने असं बोलू नये.

पण छकुलीचं ते वाक्य काही मनातून जात नाही. पाऊणची दुप्पट किती, एवढंच विचारत होतो मी. प्रश्न पुरा होण्याआधीच ती म्हणाली, "आजोबा, मला नाही येत." ऐकूनही घेतलं नाही तिने. नऊ वर्षांचं पोर! असो. त्याबद्दल या पत्रात पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

सुट्टीत मुलं विसरतात ही तुझी भीती खोटी नाही. १९९६ साली अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे ३९ अभ्यास एकत्र तपासले होते. लांब सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभर मागे गेलेली दिसली. वाचनापेक्षा गणितात जास्त, आणि त्यातही आकडेमोडीत. शुद्धलेखनाचीही तीच गत. नेमकी घट किती यावर पुढच्या संशोधकांचं एकमत झालेलं नाही, पण आकडेमोड का जाते ते समजायला अवघड नाही. वाचायला काही ना काही समोर येतंच, भागाकार मात्र कोणी आपणहून करायला घेत नाही. जे हातातून जात नाही ते सुटतं. म्हणून रोज थोडं हातातून जाऊ दे. त्याला दोन तास लागत नाहीत. एका बैठकीत तासभर घोकलेलं आठवड्याभरात पुसट होतं, तेच रोज दहा मिनिटं आठवून काढलं तर टिकतं. आठवून काढलं म्हणजे पाढा झाकून. उघडा ठेवून दहादा म्हटला तर येतोय असं नुसतं वाटतं.

दहा मिनिटांत पाचच उदाहरणं दे. तीन तिला नक्की येणारी, एक मागच्या आठवड्यातलं, एक नवं. नवं चौथ्या जागी ठेव, शेवटी नको. शेवटचं जमलेलं असलं की उठताना चेहरा वेगळा असतो.

आता मुख्य गोष्ट. एक जाडसर वही घे आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखून दे: काय, अंदाज, मोजलं, फरक. सुट्टीत जे काही कराल त्यात आधी अंदाज लिहायचा, मगच मोजायचं. बादलीत किती तांबे पाणी मावेल? दारापासून फाटकापर्यंत किती पावलं? अंदाजाला "येत नाही" म्हणता येत नाही, कारण तो कोणालाच बरोबर येत नाही. तुझाही अंदाज तिच्या शेजारी लिही, आणि तो चुकू दे. पंधरा दिवसांनी फरकाचा रकाना वरून खाली वाचला की आकडे लहान होत आलेले तिचे तिलाच दिसतील. ते तू दाखवायचं नाहीस. (बघ, पुन्हा तिथेच आलो.)

स्वयंपाकघरापासून सुरुवात कर, तिथे तुला वेगळा वेळ काढावा लागणार नाही. मापाचा मोठा कप २५० मिलिलिटरचा, मोठा चमचा १५चा, छोटा ५चा असा संच घे. चौघांसाठीचा पदार्थ सहा जणांसाठी करायला सांग, म्हणजे सगळं दीडपट. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या भाषेने हातात दिलेत, तिला अपूर्णांक आधी त्या शब्दांतून कळू देत, तीन छेद चार नंतर. अर्ध्याची दीडपट पाऊण, हे ती कप भरून पाहील. पाऊण कपाची दीडपट करताना मात्र अडेल, कारण उत्तर एक आणि एक अष्टमांश कप येतं आणि कपावर अष्टमांशाची खूण नसते. इथे गप्प राहा. कपाचा आठवा भाग म्हणजे साधारण ३१ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ दोन मोठे चमचे. हे तिचं तिला सापडायला दहा मिनिटं लागली तरी लागू देत.

पीठ मापताना एकदा कप दाबून भरायला सांग, एकदा हलक्या हाताने, एकदा वरून सुरीने सपाट करून, आणि तिन्ही वेळा काट्यावर तोल. तीन वेगळी वजनं येतील. का, ते तिलाच विचार. पाण्याचं माप डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचायचं. वरून वाकून पाहिलं की आकडा चुकतो.

सावलीचं थोडं सविस्तर लिहितो. अर्धा मीटर लांबीची सरळ काठी सपाट जमिनीत रोवा. दगड बांधलेला दोरा शेजारी धरून ती उभी आहे ना ते दोन बाजूंनी पाहा, कारण तिरकी काठी हे पहिलं चुकीचं कारण. दुसरं म्हणजे उताराची जमीन. दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवून वेळ लिहायची. टोक पुसट दिसेल. सूर्य हा ठिपका नसून तबकडी आहे म्हणून कड धूसर होते, छकुलीची ती चूक नव्हे. काठीच्या डोक्यावर बारीक छिद्राचा पुठ्ठा आडवा बसवला तर सावलीत उजेडाचा ठिपका पडतो, तो नेमका धरता येतो. मग काठीची उंची छिद्रापर्यंत मोजायची. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे छकुली आणि दादू, दोघा भावंडांना पुन्हा पुन्हा सांग.

सर्वांत आखूड सावली किती वाजता पडेल, याचा अंदाज आधी लिहून घे. सगळे बारा म्हणतात. बहुतेक ठिकाणी ते बारा नसतं. घड्याळ एका ठरावीक रेखावृत्तावर लावलेलं असतं आणि त्यापासून एक अंश दूर गेलं की चार मिनिटांचा फरक पडतो. शिवाय वर्षभरात सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटांपर्यंत मागेपुढे होतो. तू नऊ वर्षांची असताना गच्चीवर खडूने खुणा करत बसली होतीस. तुझी आखूड सावलीची खूण बाराची नव्हती म्हणून मी ती पायाने पुसली आणि बाराची काढून दिली. तुझी खूण बरोबर होती, ताई. मला ते बऱ्याच वर्षांनी कळलं आणि कळल्यावरही मी तुला सांगितलं नाही. रविवारी तू म्हणालीस, "तुम्ही माझंही असंच करायचात." तेव्हा मला ती गच्चीच आठवली, आणि म्हणूनच आवाज चढला असावा.

तर, मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी फार हळू बदलते, त्यामुळे आखूड खूण नेमकी धरणं अवघड जातं. त्याला जुना उपाय आहे. सकाळी नऊच्या सुमाराला सावलीच्या टोकाशी खूण करा. काठीला दोरी अडकवून तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ आखा. दुपारनंतर सावली लांबत पुन्हा वर्तुळाला टेकेल तिथे दुसरी खूण करा. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, सकाळची खूण पश्चिमेकडची. दोन खुणांच्या वेळांचा मध्य काढला की तुमच्या जागेचं खरं मध्यान्ह मिळतं. ही वजाबाकी आणि निमपट दोघांनी मिळून करू देत.

त्याच काठीने उंचीही काढता येते. अर्धा मीटरच्या काठीची सावली ४० सेंटीमीटर आणि खांबाची ६ मीटर ४० सेंटीमीटर भरली, तर खांब ८ मीटरचा. दोन्ही मापं पाच मिनिटांच्या आत घ्यायची, सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. घेरदार झाड पहिल्यांदा घेऊ नको. त्याच्या सावलीचं टोक शेंड्याचं नसतं, बाहेरच्या फांदीचं असतं, आणि उंची फुगते. आधी दिव्याचा खांब घ्या. ऊन डोक्यावर असतानाही नको. सावली इतकी आखूड असते की एका सेंटीमीटरच्या चुकीने उत्तर पार बदलतं.

दादूला हे पोरकट वाटेल. त्याला दोलक दे. बारीक दोरा, टोकाला जड नट, वर घट्ट खिळा. दोऱ्याची लांबी २५ सेंटीमीटर ठेवली की एक पूर्ण हेलकावा, म्हणजे जाऊन परत, सुमारे एका सेकंदाचा होतो. दोन सेकंदांचा करायला लांबी किती हवी? तो पन्नास म्हणेल. म्हणू दे. लागतो एक मीटर, दुप्पट वेळेला चौपट लांबी. वजन दुप्पट केलं तर काय होईल, हेही आधी लिहून घे. काहीच फरक पडत नाही हे त्याला पटायला वेळ लागेल. वीस हेलकावे मोजून विसाने भागायचं, एकच मोजला तर घड्याळाचं बटण दाबण्यातली चूक उत्तराच्या मानाने फार मोठी ठरते. सोडताना "शून्य" म्हणायचं, "एक" नव्हे. झोका लहान ठेवायचा. जास्त उंचावरून सोडला की वेळ वाढते.

बियांचं तुला माहीत आहे, तरी सांगतो. घेवड्याच्या सहा बिया रात्रभर भिजवा. काचेच्या बरणीत टिपकागदाची गुंडाळी उभी बसवून काच आणि कागद यांच्यामध्ये त्या खोचा आणि तळाशी दोन सेंटीमीटर पाणी ठेवा. बिया पाण्यात बुडल्या तर हवा न मिळून कुजतात, हे नेहमीचं. एकच बी लावू नका, ती रुजली नाही तर छकुली ते स्वतःवर घेईल. मूळ दोन सेंटीमीटरचं झालं की बरणीचं झाकण लावून ती आडवी करा आणि मूळ कुठे वळेल ते दुसऱ्या दिवशी पाहा. आडवी करण्याआधी अंदाजाचं चित्र काढून घे.

सुट्टीच्या दिवशी संग्रहालयात जाणार असाल तर उघडण्याच्या वेळी जा आणि तासाभरात बाहेर पडा. सगळं पाहायचं नाही, तीनच वस्तू. प्रत्येकीसमोर दहा मिनिटं बसून पेन्सिलने चित्र काढायचं. कशाची केली असेल, कोण वापरत असेल, हे आधी बोलायचं आणि मगच पाटी वाचायची. पाटी आधी वाचली की मुलं वस्तूकडे पाहत नाहीत. आणि निघण्याआधी खाऊन, पाणी पिऊन. भुकेलेल्या मुलाला इतिहास दिसत नाही.

प्रवासाची आखणी दादूवर सोपव. रात्री २२:४० ला निघून सकाळी ०६:१५ ला पोचणारी गाडी किती वेळ घेते? तो सरळ वजाबाकी करायला जाईल आणि फसेल. आधी मध्यरात्रीपर्यंतचा १ तास २० मिनिटं, त्यात पुढचे ६ तास १५, म्हणजे ७ तास ३५. त्यावरून सरासरी वेग. छकुलीकडे चंद्र दे: रोज एकाच जागेवरून दिसेल तसा काढायचा आणि वेळ लिहायची. तो रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे काही दिवसांनी संध्याकाळी सापडणार नाही, पहाटे पाहावा लागेल. चंद्र हरवला म्हणून ती वही बंद करील, तेव्हा सकाळी लवकर उठव.

वाचन रोज वीस मिनिटं. पुस्तक तिने निवडायचं. एका पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर ते पुस्तक सध्या तू वाचून दाखव. दादूलाही वाचून दाखव, मोठा झाला म्हणून थांबू नको.

एवढं सगळं लिहिलं म्हणजे सगळं करायचं असं नाही. पुन्हा व्याख्यान झालं, माफ कर. कामाच्या दिवशी दहा मिनिटं आकडेमोड आणि वीस मिनिटं वाचन, सुट्टीच्या वारी यातलं एखादं. ज्या दिवशी तू दमलेली असशील त्या दिवशी काहीच नको. दोन मुलं, नोकरी, आणि तरी मुलीच्या आकडेमोडीची काळजी करतेस, याचा मला अभिमान आहे. रविवारी हेच आधी म्हणायला हवं होतं.

आणि ती "मला नाही येत" म्हणाली, तर "येतं गं तुला" असं म्हणू नको. तुला मी तेच म्हणायचो, त्याने काही होत नाही. नुसतं विचार, "अंदाजे किती असेल?" आणि थांब. मनात तीसपर्यंत मोज. हे थांबणंच सगळ्यात कठीण जातं, मला कधी जमलं नाही.

तुझी आई आशीर्वाद सांगते आहे.

तुझा,
बाबा

ता. क. सावली मोजली की वहीच्या पानाचा फोटो पाठव. चुकलेला आकडा असेल तर तोही तसाच राहू दे, पुसायला सांगू नको.