बांधाची उंची वाढते, नदीचा तळ कोण मोजतो?

मा. संपादक,

गोव्यात खाजन शेतीचे, म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या सखल शेतीचे, बांध फुटल्याच्या बातम्या आल्या की पाठोपाठ बांध 'उंच आणि मजबूत' करण्याची घोषणा होते. चोडणात आमच्याही बांधावर दोन वर्षांपूर्वी चिरे टाकून झाले. गेल्या अमावास्येच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मी खाली उतरून पाहिले, तर निम्मे चिरे नदीत घसरलेले, आणि पायथ्याशी बांधाची माती आतून खाल्लेली. मानशीसमोर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारासमोर, वडील सुकतीला बांबू टेकवून पाणी बघायचे. त्यांची खूण बांबूवर अजून आहे. आज तोच बांबू त्याच जागी हातभर जास्त खाली जातो.

दोष निव्वळ बांधाचा नाही, तळाचा आहे. रेती उपसली की नदीचा तळ खचतो, पायथ्याचा आधार जातो आणि बांधाचा उतार उभा होतो. त्यावर आपण आणखी माती चढवतो! भरतीत भिजून जड झालेली ती माती, सुकतीला बाहेरच्या पाण्याचा टेकू सुटला की नदीकडे घसरते. बार्जच्या लाटा आणि कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळे आहेतच. पण कुर्ल्या आजोबांच्या वेळीही होत्या, त्यांच्यावर सगळे ढकलण्यात अर्थ नाही.

आतल्या, शेताकडच्या उताराकडे तर कोणी पाहतच नाही. जपानमध्ये होक्काइदोत तोकाची नदीकाठी खऱ्या मापाचे बांध मुद्दाम फोडून अभ्यास केला जातो. पाणी माथ्यावरून वाहू लागले की पहिल्यांदा धुपतो तो हाच आतला उतार. आमच्याकडे दुरुस्तीच्या वेळी जेसीबी नेमका त्याच उतारावरून चालवतात आणि माती धरून ठेवणारे गवत खरवडून टाकतात.

मागणी साधी आहे. ठरावीक ठिकाणी, दरवर्षी पावसाआधी आणि पावसानंतर, या बांधापासून समोरच्या काठापर्यंत नदीचा तळ मोजावा. होडीला खोली मोजायचे यंत्र लावले की एका भरतीत कितीतरी काम उरकते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलाला आहे, म्हणजे माणसे शोधायला परराज्यात जायला नको. ते आकडे पंचायतीत लावावेत आणि ते पाहिल्याशिवाय एकाही बांधाचे अंदाजपत्रक मंजूर करू नये. पूर्वी गावकारी, म्हणजे गावची जुनी सामाईक संस्था, बांधाची राखण करायची, नंतर ती कूळ संघटनांकडे आली. पण नदीचा तळ मोजणे आमच्या आवाक्यातले नाही, ते सरकारनेच करायला हवे.

पाहणीला साहेब येतात ते भरतीला, कारण तेव्हा होडी थेट बांधाला लागते आणि बूट चिखलात जात नाहीत. त्या वेळी बांध छानच दिसतो. एकदा सुकतीला यावे. बांबू मी आणीन.

– एक खाजन शेतकरी, चोडण, तिसवाडी