बटणांच्या डब्यातला कोष

प्रिय चिऊ,

अजून तू 'ख'ला 'रव' वाचतेस, त्यामुळे हे पत्र तुला वाचता यायला दोन-तीन वर्षं तरी जातील. तोवर यातलं निम्मंअधिक तू विसरलेली असशील. माझ्या चौथ्या वर्षातलं मला तरी काय आठवतं? आजोबांच्या सायकलची घंटी आणि कपाळावर पडलेली खोक, बस्स. म्हणून या पावसाळ्यात तू काय काय शोधून काढलंस ते लिहून ठेवतोय. एक गोष्ट कबूलही करायची आहे. ती तिच्या जागी येईल.

सुरुवात पार्किंगमधल्या वाणीपासून, म्हणजे त्या पुष्कळ पायांच्या बारक्या जिवापासून. रात्रभर पाऊस झालेला, व्हॅनवाले काका हॉर्नवर हॉर्न देतायत आणि तू रेनकोट घालून फरशीवर उकिडवी बसलेली. समोर एक लालसर वाणी. तू बोट लावलंस, त्याने झटक्यात वेटोळं घातलं. "बाबा, चकली!" मग काकांना हात दाखवून सांगितलंस, "थांबा, चकली सुटतेय." सुटायला चांगली पाच मिनिटं लागली. काका बिचारे थांबले. वाणी चालायला लागला तेव्हा तू चक्क जमिनीला गाल टेकवून त्याचे पाय पाहिलेस आणि विचारलंस, "याला बूट किती लागतील?" रात्री मी पुस्तकात शोधलं. त्याच्या अंगावरच्या बहुतेक प्रत्येक कड्याला पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. बूट घ्यायचे तर दुकानच लागेल, असं सांगितल्यावर तू म्हणालीस, "सॉक्सपण."

त्याच महिन्यात सासवडजवळ मावशीआजीच्या शेतात मृगाचा किडा सापडला. लाल मखमलीचा ठिपका. आमच्या लहानपणी आम्ही तो काडेपेटीत घालून शाळेत न्यायचो. आता वाटतं, काय मिळायचं त्यात? मी ऐटीत म्हटलं, "हा किडा." तू पाय मोजलेस. सहानंतर नेहमी तुझी गाडी थेट आठवर जाते, त्यामुळे मी लक्षच दिलं नाही. पण मग मी मोजले, खरंच आठ. कीटकाला पाय सहा असतात. हा कोळ्याच्या गोतातला निघाला. चाळीस वर्षं मृगाचा किडा म्हणतोय मी, आणि पाय मोजले ते तू.

आता कढीपत्ता.

गॅलरीतलं झाड आजीचं. तिच्या फोडणीचं, तिच्या चटणीचं, तिच्या मालकीचं. आषाढात एका सकाळी तू धावत आलीस, "आजीच्या झाडावर चिमणीने शी केलीय. आणि शी चालतेय." मी बघायला आलो. पानावर काळपट, मध्ये पांढरा डाग असलेली, बोटाच्या पेराच्या निम्म्याने अळी. बारकी असताना ती अशीच दिसते, पक्ष्यांनी विष्ठा समजून सोडून द्यावं म्हणून. ही लिंबाळी फुलपाखराची अळी, जिला लिंबाची आणि कढीपत्त्याची पानं आवडतात. तिला सुरवंट म्हणू नकोस हं. सुरवंटाला केस असतात आणि तो अंगाला लागला की खाज सुटते. ही गुळगुळीत.

आजीचं म्हणणं वेगळं होतं. "अरे, पोहे करायचे कशात? चार पानं ठेवली नाहीत मेल्यांनी!" तिने दोन अळ्या चपलेखाली संपवल्यासुद्धा होत्या. तू झाडासमोर आडवी उभी राहिलीस, दोन्ही हात पसरून. आजीने तुझ्या हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाजारातून जुडी आण मग." तुझ्यापुढे ती हरते. माझ्या लहानपणी कधी हरली नव्हती.

उरल्या चार. तू त्यांना नावं ठेवली नाहीस, नंबर दिलेस. आठवड्याभरात कात टाकत टाकत त्या हिरव्यागार आणि गुबगुबीत झाल्या. तू काडीने टोचलंस की डोक्यामागून नारिंगी, दुटोकी शिंगं बाहेर यायची आणि एक उग्र वास सुटायचा. "पोळ्याच्या बैलासारखी!" तू ओरडलीस. गेल्या वर्षी सासवडला बैलांची रंगवलेली शिंगं पाहिली होतीस ना, ती. त्या दिवशी घरी आलेल्या प्रत्येकाला गॅलरीत नेऊन तू शिंगं दाखवलीस. गॅसवाल्यालासुद्धा.

चौथी अळी माझ्यामुळे मेली. झाडावरची कोवळी पानं संपत आली म्हणून मी बाजारातली जुडी तिच्यापुढे ठेवली. त्यावर औषध फवारलेलं असावं. दुसऱ्या दिवशी ती काळी पडून लोंबत होती. मी तुला हे खरं खरं सांगितलं. तू म्हणालीस, "आपण पानं धुतली नाहीत." बास, एवढंच.

पहिलीला बुलबुलाने नेलं. तुझ्या डोळ्यांदेखत. तू दूध पीत होतीस, बुलबुल ग्रिलवर बसला, मान तिरकी केली आणि उचलली. तू रडलीस, चांगली हमसून रडलीस. मग नाक पुसत विचारलंस, "त्याची पिल्लं कुठे आहेत?" समोरच्या जास्वंदीत घरटं होतं. दोघांनी मिळून पाहिलं. उघड्या चोची मोजल्यास, तीन. तुझं रडं थांबलं होतं.

दुसरी आणि तिसरी मात्र टिकल्या. एके दिवशी दोघींनी खाणं सोडलं आणि इकडेतिकडे फिरायला लागल्या. दुसरी ग्रिलच्या गजावर गेली, तिसरी कुंडीमागच्या भिंतीवर. शेपटीकडचं टोक चिकटवलं, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेतला आणि तशाच मागे कलून बसल्या. इलेक्ट्रिकच्या खांबावर चढलेला वायरमन पट्ट्यावर रेलतो ना, तशा. दुसऱ्या दिवशी कोष तयार. दुसरीचा हिरवा, तिसरीचा मातकट, ज्याच्या-त्याच्या जागेला साजेसा. मी तुला सांगितलं, आठ-दहा दिवस. तू कॅलेंडरवर रोज एक गोळा काढायला लागलीस. एकादशीवर काढलास म्हणून आजीची बोलणी खाल्लीस.

नवव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत गेलो. दुसरीच्या कोषाला टाचणीने पाडावं तेवढं एक भोक होतं. कोष तपकिरी, वाळलेला. आणि त्या भोकातून मोहरीच्या दाण्याएवढ्या, हिरवट चमकणाऱ्या माश्या एकेक करून बाहेर येत होत्या. पंधरा-वीस तरी असतील. या एक प्रकारच्या बारीक गांधीलमाश्या. अळी कोष करायच्या बेतात असली की यांची मादी जवळ येऊन थांबते आणि कोष ओला, मऊ असतानाच त्यात अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं कोष आतून खातात. म्हणजे आपण गोळे काढत होतो ते सगळे दिवस आत फुलपाखरू नव्हतंच.

तू आत झोपली होतीस. मी कोष खुडला, खिशात टाकला आणि गज पुसून काढला. तू उठल्यावर सांगितलं, "दुसरी पहाटेच उडून गेली."

हेच ते कबूल करायचं होतं.

बुलबुलाचं तू पचवलंस, विषाचं पचवलंस. पचलं नाही ते मला. आता विचार करतो तेव्हा वाटतं, बुलबुल दिसायला छान आहे, त्याला घरटं आहे, पिल्लांच्या चोची दाखवता येतात. या माश्यांची मला किळस आली. त्याही कुणाची तरी पिल्लंच होत्या, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. तुला बहुतेक सुचलं असतं. तू त्याही मोजल्या असत्यास.

आणि खोटं एकदा बोललं की त्याला पाणी घालावं लागतं. तू आधी चिडलीस, "मला उठवलं का नाही?" मग रुसलीस, "तिने मला टाटा केला नाही." दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला उठून तिसरीसमोर पाटावर बसायला लागलीस, पांघरुणासकट. तिसरीचा कोष फुटला तो तुझ्यासमोर, सातच्या सुमारास. चुरगळलेले ओले पंख, मग हळूहळू ते पसरत गेले, काळ्यावर पिवळे ठिपके. तासभर ती तशीच लटकून होती. तू शाळेत गेली नाहीस आणि मीही तुला जा म्हटलं नाही. उडाली तेव्हा तू म्हणालीस, "आता दुसरीकडे गेली."

तेव्हापासून प्रत्येक लिंबाळीला तू दुसरी समजतेस. वेताळ टेकडीवर, भाजी मंडईत लिंबांच्या पाट्यांपाशी, अगदी सिग्नलला रिक्षातून हात हलवतेस. गणपतीत कोकणात गेलो तेव्हाही तेच. गौरीसाठी तेरडा आणायला आजोळच्या मागच्या बांधावर गेलो होतो. तेरड्याच्या टपोऱ्या शेंगांना तू नुसतं बोट लावलंस आणि त्या फुटून बिया तुझ्या तोंडावर उडाल्या. तू दचकलीस, हसलीस आणि मग अख्ख्या बांधावरच्या पिकलेल्या शेंगा फोडत सुटलीस. गौरी खोळंबल्या, मामी हाका मारून थकली. एवढ्यात बांधावरून एक लिंबाळी गेली. तू मूठभर बिया तशाच धरून थांबलीस. "बाबा, बघ. दुसरी इथपर्यंत आली." मी म्हटलं, "हो गं."

हे दुसऱ्यांदा.

कालपासून कढीपत्त्यावर पुन्हा पिवळट अंडी आहेत, टाचणीच्या डोक्याएवढी. आजीने पाहिली आणि काही न बोलता पोह्यांसाठी शेजारून पानं आणली. मला मात्र तुझ्या कॅलेंडरची धास्ती वाटते.

तो कोष मी फेकलेला नाही. आजीच्या शिवणाच्या मशीनच्या खणात बटणांचा डबा आहे, त्यात फिल्म रोलची काळी डबी, तिच्यात कापसावर ठेवलाय. हलका आहे, जपून उघड. भोक डाव्या बाजूला आहे. उजेडाकडे धरलंस तर आरपार दिसेल. हे पत्र वाचून झालं की डबी घेऊन माझ्याकडे ये. त्याआधीच मला सांगायचा धीर झाला असेल, तर तुला डबी कुठे आहे ते ठाऊक असेलच.

तुझा,
बाबा