माझ्या कपाळात काय टोचलं, ते लेखी कळवा

दि. ५ डिसेंबर

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
स्किन क्लिनिक विभाग, मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: पुणे शाखेत १४ नोव्हेंबरला दिलेल्या बोटॉक्स इंजेक्शनबद्दल तक्रार व नोंदींची मागणी

महोदय,

आपल्या पुण्यातल्या शाखेत मी १४ नोव्हेंबरला दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, घेतलं. ८,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी मिळून ९,४४० रुपये भरले. सहाव्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर उजवी पापणी अर्ध्यावर उतरलेली. ती आजही तशीच आहे. मी शाळेत शिकवते. वह्या तपासताना डाव्या हाताच्या बोटाने पापणी वर धरून ठेवावी लागते. स्कूटर चालवणं बंद केलं आहे. भाचीच्या साखरपुड्यात जो तो बाजूला घेऊन विचारत होता, "लकवा तर नाही ना?"

शाखेत फोन केला तर "मॅडम, होतं असं कधी कधी, जाईल आपोआप" एवढंच उत्तर मिळालं. मग मी नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: कोणतं औषध, किती युनिट, किती सलाईनमध्ये कालवलं? मला यातलं काहीच सांगता येईना. तिथूनच शाखेत फोन लावला. पलीकडून सांगण्यात आलं, "ते सिस्टीममध्ये टाकलेलं नाही." महोदय, पापणीपेक्षाही हे वाक्य मला जास्त लागलं आहे.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. सिरिंज आधीच भरून ट्रेमध्ये आणली होती. वर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने '२०' लिहिलेलं. बाटली मला कोणी दाखवली नाही. बोटॉक्स हे एका कंपनीच्या औषधाचं नाव आहे. याच प्रकारची दुसऱ्या कंपन्यांचीही औषधं मिळतात आणि एकाचं युनिट दुसऱ्याच्या युनिटाबरोबर जुळत नाही. मग '२०' म्हणजे कशाचे २०? हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं आणि कालवल्यावर २४ तासांत वापरावं, असं बोटॉक्सच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. माझ्या सिरिंजमधलं कधी कालवलं होतं?

इंजेक्शन देणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. "डॉक्टर आहात का?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "मी ट्रेन्ड आहे." तिचा हात थरथरत होता. तिने एकदाही "आठ्या घाला" म्हणून सांगितलं नाही. आठ्या घातल्याशिवाय आतला स्नायू कुठे आहे ते कळणार कसं? नेत्रतज्ज्ञांनी समजावलं, की भुवईजवळची सुई हाडाच्या कडेपासून निदान १ सेंटिमीटर वर हवी. खाली गेली तर औषध झिरपून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचू शकतं. वर त्याच टेबलावर, पाच मिनिटांत, ऑफरमधलं मोफत फेशियल म्हणून माझं कपाळ चांगलं चोळून मसाज केला. टोचलेली जागा चोळू नये, ही अगदी पहिली सूचना असते म्हणे! माझा राग त्या मुलीवर नाही. तिला सिरिंज हातात देऊन डॉक्टरशिवाय उभी करणाऱ्यांवर आहे.

टॅबवर सही घेतली, ती इंग्रजी मजकुराखाली. गरोदर आहात का, अंगावर पाजता का, स्नायूंचा काही आजार आहे का, कुठलं अँटिबायोटिक चालू आहे का, यातलं काहीही विचारलं नाही. पापणी उतरू शकते किंवा क्वचित गिळायला, श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो, तसं झालं तर ताबडतोब रुग्णालय गाठा, हेही कोणी सांगितलं नाही. यावर उलटा उतारा नाही. असर ओसरेपर्यंत वाट पाहायची. मला दिलेले थेंब पापणी जेमतेम मिलिमीटरभर उचलतात.

मला पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत: औषधाचं नाव, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख, कालवल्याची वेळ, युनिट आणि टोचलेल्या जागा. तसंच सुई टोचणाऱ्या व्यक्तीची पात्रता आणि त्या दिवशी जबाबदार असलेल्या डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ९,४४० रुपये आणि डोळ्याच्या उपचारांचा खर्च सात दिवसांत परत करावा. नोंदी आल्या नाहीत तर हेच पत्र मेडिकल कौन्सिल, अन्न व औषध प्रशासन आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईल.

त्या दिवशी माझ्यानंतर बाकावर आणखी तिघीजणी बसल्या होत्या. त्यांना आजच फोन करून डोळे, गिळणं, श्वास ठीक आहे का ते विचारा. आणि नोंदणीकृत डॉक्टर स्वतः हजर असल्याशिवाय त्या शाखेत ही इंजेक्शनं देणं थांबवा.

आपली,
(सही)

सोबत: पावतीची प्रत, नेत्रतज्ज्ञांच्या तपासणीचा कागद, २० नोव्हेंबरचे दोन फोटो