इथून पुढचं मनात वाच

लाइपझिग, 5 ऑक्टोबर 2025

ती. सौ. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. सर्दी गेली. व्हिडिओवर काळवंडलेली दिसते ती उन्हाने, आजारपणाने नव्हे. मैत्रीण पुण्याला निघाली आहे, तिच्याजवळ हे पत्र आणि एक बरणी देते आहे. बरणीत बागेतल्या रेड करंटचा मुरांबा आहे, चव करवंदासारखीच आंबट. बाबांना बोटभरच दे, साखरेचं मला पाठ आहे.

मन्याने 'ताईने जर्मनीत जमीन घेतली' असं घरी सांगून ठेवलं, आणि तेव्हापासून बाबा फोनवर हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत. बाबा, जमीन घेतलेली नाही. पावणेतीन गुंठ्यांचा तुकडा आहे, बागवाल्यांच्या संस्थेकडून भाड्याने, वर्षाला अडीचशे युरोंच्या आत. आत लाकडी खोपटं आहे, पण त्यात कायम राहायला कायद्यानेच बंदी आहे. सोडायचं तर लेखी कळवून वर्षअखेरीला सोडता येतं. तेव्हा बाग घेतली म्हणजे मुलगी तिकडचीच झाली, हा हिशोब चुकतो. आणि मी काही एकटी रानात जात नाही. दोन्हीकडे कुंपणाला कुंपण लावून सत्तरीतल्या आजी-आजोबांच्या बागा आहेत, मला यायला उशीर झाला तर तेच तुमच्याआधी काळजी करतात.

असल्या बागांचा उगमच या गावातला. 1864 साली इथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकाने पालकांची संस्था काढली, मुलांना खेळायला मैदान हवं म्हणून. नाव दिलं मुलांच्या व्यायामाचा आग्रह धरणाऱ्या इथल्याच डॉक्टर श्रेबर यांचं, तेही ते वारल्यानंतर. पुढे एका शिक्षकाने मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे पाडले. मुलं चार दिवसांत कंटाळली आणि वाफे आईबापांच्या गळ्यात पडले. मन्याच्या सशांचं आपल्याकडे झालं तेच.

आता इथला एक प्रकार सांगते, तो मला अजून पचलेला नाही. बाग माझी, भाडं माझं, पण त्यात काय लावायचं ते मी एकटीने ठरवायचं नाही. निदान एक तृतीयांश जागेत फळं-भाजीपाला हवाच. का, तर एवढ्या कमी भाड्यात जमीन मिळते ती पोटाला लागणारं पिकवायला. नुसती हिरवळ आणि गुलाब हवे असतील तर बाजारभावाने जागा घ्या. यावर खटला होऊन 2004 साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तिसऱ्या हिश्श्याची गोष्ट पक्की केली. आपल्याकडे तूर लाव म्हणून कोर्ट सांगेल का? आणि ते कागदावर राहत नाही. संस्थेचे दोघं-तिघं वहीपेन्सिल घेऊन फिरतात. टोमॅटो, बटाटे, नवलकोल, सफरचंदाचं झाड, करंटची झुडपं जमेत. झेंडू, डेलिया बाहेर. कुंपणाची उंची टेपने. दुपारी एक ते तीन गवत कापायचं यंत्र लावायचं नाही, आजोबा झोपतात.

जूनमध्ये ते वहीपेन्सिलवाले आले आणि अळवापाशी थांबले. व्हिएतनामी दुकानातून आणलेल्या अळकुड्या मी कुंड्यांत लावल्या होत्या, पानं सुपाएवढी झाली होती. इथे अळू रोपवाटिकेत शोभेचं झाड म्हणून मिळतं. त्यांनी फुलझाडांत लिहिलं. मी म्हटलं, ही भाजी आहे. ते हसले. मग पुढच्या रविवारी खोपटातल्या गॅसच्या शेगडीवर मी वड्या केल्या. पानाच्या मागच्या शिरा सुरीने तासल्या, चिंच जरा जास्तच घातली (परक्या माणसाचा घसा खवखवला तर जायचं कुठे?), पहिली वडी स्वतः खाऊन अर्धा तास थांबले, आणि मगच त्यांना बोलावलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने चार खाल्ल्या, कृती लिहून घेतली. नंतर म्हणाला, भाजी आहे हे मान्य, पण कुंडीतलं आम्ही धरतच नाही. मोजमाप जमिनीचं.

झेंडूचा निम्मा वाफा काढून बीट लावलं. उरलेल्यात दसऱ्याचं तोरण झालं. बाबा, तुम्ही मृगाकडे बघता तसे हे लोक 15 मेकडे बघतात. 11 ते 15 मे हे पाच संतांचे दिवस, तेवढ्यात शेवटची कडक थंडी येऊन जाते म्हणतात. मी एप्रिलच्या उन्हाला भुलून टोमॅटोची रोपं बाहेर लावली, एका रात्रीत उकडल्यासारखी काळी पडली. कोथिंबीर एप्रिलमध्ये बरी येते. जूनमध्ये साडेसोळा तासांचा दिवस, ती वीतभर होताच फुलावर जाते. शेपू मात्र तण उगवावं तसा. इथे तो काकडीत नाहीतर माशावर घालतात. मूगडाळ घातलेली भाजी शेजारच्या आजींना दिली, त्यांनी फार छान म्हटलं आणि डबा भरलेलाच परत आला.

आई, कढीपत्ता आहे. एका मित्राने रोप दिलं, आता कमरेला लागतं.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी यायला हवं होतं. रजा नव्हती हे खरं, पण त्याच आठवड्यात मी दोन संध्याकाळी इथे झारीने पाणी घालत होते हेही खरं. मन्या म्हणाला परसात तुळस सोडून सगळं वाळलं, तू खाटेवरून बघतेस. नळाला पाइप लावून घे. पैसे टाकले आहेत, पाइपचे आणि छपराच्या पत्र्यांचे मिळून चाळीस हजार. बाबा परत करायला निघतील, घेणार नाही. बागेची पगडी, म्हणजे आधीच्या माणसाला खोपटं-झाडांचे द्यावे लागतात ते, मी माझ्या शिलकीतून दिले, घराच्या हप्त्याला धक्का लावलेला नाही. दिवाळीला जमत नाही. फेब्रुवारीत नक्की, तिकीट या आठवड्यात काढते.

इथून पुढचं मनात वाच. बाबा समोर बसले असतील तर उद्या वाच.

मावशीने पाठवलेल्या म्युनिकच्या स्थळाला मी फोन केलेला नाही, करणारही नाही. मुलगा चांगलाच असेल. कढीपत्ता ज्याने दिला तो त्रिशूरचा आहे. बागेतलं खणणं निम्मं त्याचं, पगडीतही निम्मे त्याचे; वर खोटं लिहिलं, बाबा ऐकतील म्हणून. अळवाला तो चेंबु म्हणतो. मराठी 'पुरे' आणि 'अजून' एवढीच येते, दोन्ही तुझ्या चकल्यांवर शिकला. मन्याला माहीत आहे, त्याला बोलू नकोस, मीच गप्प राहायला सांगितलं होतं.

फेब्रुवारीत दोन तिकिटं काढू की एक? फोन स्पीकरवर असतो, तेव्हा उघड काही बोलू नकोस. या महिन्यात थंडी पडेल, कुंड्या आत घ्याव्या लागतील. दोन काढ म्हणत असशील तर 'कढीपत्ता घरात घेतलास का' एवढंच विचार.

तुझी,
सुमी